बायपास झाली, पण रक्त वाहते का?

मूल तालुक्यातील एका वाचकांनी वडिलांच्या बायपास शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांच्या छायाप्रती जोडून सविस्तर पत्र पाठवले आहे. शस्त्रक्रिया नागपुरात झाली. वडील घरी आले, अंगणात चालू-फिरू लागले. परंतु गावातल्या कोणा जाणकाराने कागद पाहून सांगितले, की तीनपैकी एक ग्राफ्ट 'कमी' आहे. तेव्हापासून घरात कोणाला धड झोप नाही. आईला वाटते, पुन्हा छाती उघडावी लागणार. थोरला भाऊ म्हणतो, हॉस्पिटलने फसवले. कागदावर लिहिले आहे ते असे: लिमा टू एलएडी, फ्लो 38, पीआय 1.9, डीएफ 72. एसव्हीजी टू ओएम, फ्लो 52, पीआय 2.3, डीएफ 66. एसव्हीजी टू पीडीए, फ्लो 17, पीआय 4.4, डीएफ 52. हे आकडे कशाचे, आणि सतरा म्हणजे ग्राफ्ट बंद पडले असे समजायचे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की असे आकडे लिहिलेला कागद हातात पडला ही मुळातच चांगली गोष्ट आहे. बायपास करून आलेल्या पुष्कळ रुग्णांच्या कार्डावर केवळ 'तीन ग्राफ्ट टाकले' एवढेच असते. टाकलेल्या ग्राफ्टमधून रक्त वाहते आहे की नाही, हे छाती बंद करण्यापूर्वी मोजून पाहिले होते का, याचा उल्लेखच नसतो. वरचे आकडे त्या मोजणीचे आहेत.

बायपास म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला समजावणे सोपे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत. तलावाच्या पाटातून पाणी धानाच्या बांध्यांना जाते. पाट मध्येच गाळाने बुजला, की शेवटच्या बांध्या वाळू लागतात. तेव्हा बुजलेला पाट उकरत न बसता शेतकरी काय करतो? बाजूने नवी चारी काढतो आणि अडथळ्याच्या पुढे जुन्या पाटाला नेऊन जोडतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या, की शल्यचिकित्सक नेमके हेच करतो. अडथळा जागच्या जागी राहतो. त्याच्या पुढे रक्त पोचवणारी नवी वाट जोडली जाते. या नव्या वाटेला ग्राफ्ट म्हणतात.

ही वाट रुग्णाच्याच शरीरातून घेतात. छातीच्या हाडामागे डाव्या बाजूने खाली उतरणारी एक धमनी आहे, तिचे आद्याक्षरांवरून झालेले नाव लिमा. तिचे वरचे टोक जागेवरच ठेवून खालचे टोक सोडवतात आणि हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला, म्हणजे एलएडीला, जोडतात. दुसरा प्रकार पायातील लांब शिरेचा. एसव्हीजी म्हणजे ही शीर. तिचे एक टोक महाधमनीला आणि दुसरे अडथळ्याच्या पुढे शिवतात. ओएम ही हृदयाच्या डाव्या कडेची शाखा, पीडीए ही खालच्या अंगाची. पायातल्या शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून लावावी लागते. सुलटी लावली तर तिच्याच झडपा रक्ताची वाट अडवतील!

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात आपल्यासारख्या आडबाजूच्या भागातील डॉक्टरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. रशियात लेनिनग्राड येथे व्हासिली कोलेसॉव्ह यांनी 1964 साली छातीतील धमनी हृदयाला जोडली होती. पण पायाच्या शिरेची बायपास 1967 साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पद्धतशीर सुरू केली आणि जगभर रूढ केली ती रेने फावालोरो यांनी. हे गृहस्थ अर्जेंटिनाचे. क्लीव्हलँडला जाण्यापूर्वी बारा वर्षे ते ला पाम्पा प्रांतातील हासिंतो अराऊस या लहानशा गावात खेड्यातले डॉक्टर होते. भारतात पहिली बायपास 1975 साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज मात्र आपल्याकडचा रुग्ण नागपूरला किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीला जातो आणि पंधरवड्यात घरी येतो.

आता मुख्य मुद्दा. ज्या रक्तवाहिनीला ग्राफ्ट जोडायचे, तिचा व्यास त्या जागी बहुधा दीड ते दोन मिलिमीटर असतो. म्हणजे साधारण काडेपेटीतील काडीएवढा. शिवायचा धागा डोक्याच्या केसाइतका बारीक. शल्यचिकित्सक डोळ्यांवर भिंग लावून हे टाके घालतो. आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी ही शस्त्रक्रिया हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावरच करतात. जिथे टाका घालायचा तेवढाच भाग एका चिमट्यासारख्या साधनाने स्थिर धरतात. कौशल्य मोठेच, परंतु चुकायला जागाही तेवढीच. एखादा टाका समोरच्या भिंतीत अडकतो. ग्राफ्टला पीळ पडतो. लांबी थोडी जास्त झाली तर ते दुमडते, कमी झाली तर ताणते. आत रक्ताची गुठळी अडकते. धमनी सोडवताना तिचे आतले अस्तर सुटून वाट बंद होते. निष्णात हातांतही शंभर जोडण्यांमागे तीन-चार जागच्या जागी दुरुस्त कराव्या लागतात, असा परदेशातील मोठ्या रुग्णालयांचा अनुभव आहे. त्यात नामुष्की काही नाही. दोष छाती उघडी असताना कळला तर पाच-दहा मिनिटांत दूर करता येतो. तोच दोष दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात कळला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

मग तो कळावा कसा? पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, बोटाने चाचपून पाहतात. ग्राफ्टमध्ये ठोका लागला म्हणजे रक्त चालू, असा समज. हा समज फसवा आहे. नळाला रबरी पाइप लावून त्याचे पुढचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरा. पाणी थेंबभरही बाहेर पडत नाही, पण पाइप हाताला टणक लागतो. बंद ग्राफ्टमध्येही हृदयाचा ठोका असाच बोटाला जाणवतो. दाब असणे निराळे आणि प्रवाह असणे निराळे. बायपासची सारी कथा या एका वाक्यात आहे म्हणा ना! ईसीजीवर विसंबावे, तर जुन्या अरुंद वाटेने थोडे रक्त येत असते, त्यामुळे ईसीजी काही तास चांगला दिसू शकतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच अँजिओग्राफी करणे ही सर्वांत खात्रीची परीक्षा, पण तशी सोय असलेली शस्त्रक्रियागृहे मोजकी, आणि त्यासाठी द्यावे लागणारे औषध मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला बाधू शकते.

म्हणून जगभर जी पद्धत रूढ झाली ती ध्वनिलहरींची. सोनोग्राफीत वापरतात तशाच, कानाला ऐकू न येणाऱ्या या लहरी. इंग्रजीत त्या मापनाला ट्रान्झिट टाइम म्हणतात. ट्रान्झिट टाइम म्हणजे एका काठाहून दुसऱ्या काठाला पोचायला लागणारा वेळ. वैनगंगेत डोंगा घातला आणि प्रवाहाबरोबर तिरपे पलीकडे गेलात, तर लवकर पोचता. त्याच रेषेने परत येताना प्रवाह विरुद्ध, म्हणून वेळ जास्त. दोन्ही वेळा घड्याळ लावून मोजल्या, तर पाण्यात न उतरता पाण्याचा वेग काढता येईल. उपकरणाचे टोक एका छोट्या आकड्यासारखे असते. ग्राफ्ट त्या आकड्यात अलगद बसवतात. एका बाजूला दोन स्फटिक असतात, समोर लहरी परतवणारा पत्रा. एक स्फटिक लहर सोडतो, दुसरा झेलतो, मग उलट. रक्ताच्या दिशेने जाणारी लहर किंचित आधी पोचते, विरुद्ध जाणारी किंचित उशिरा. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, तेव्हा हा फरक सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास असतो. पण यंत्र तो पकडते आणि दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जात आहे, हे पडद्यावर दाखवते. सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत. एका ग्राफ्टला मिनिट-दोन मिनिटे पुरतात.

यात पथ्ये मात्र आहेत. आकडा ग्राफ्टच्या मापाचाच हवा. सैल बसला तर आकडेमोड चुकते, घट्ट बसला तर तोच ग्राफ्टला दाबतो. मध्ये हवा राहू नये म्हणून जेली किंवा सलाईन लावावे लागते. मोजताना रक्तदाब किती होता, हेही लिहिले पाहिजे, कारण दाब पडलेला असेल तर चांगल्या ग्राफ्टमधूनही रक्त कमीच जाणार. आणि शेवटची मोजणी छाती बंद करण्याच्या अगदी आधी हवी. हृदय जागेवर बसल्यावर ग्राफ्ट दुमडते, ते आधीच्या मोजणीत कसे दिसणार?

आता पत्रातील तीन शब्द. पहिला फ्लो. म्हणजे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त. 38 म्हणजे औषधाचे साडेसात चमचे झाले. वाचकांना हे क्षुल्लक वाटेल. पण विश्रांतीच्या वेळी संपूर्ण हृदयाच्या स्नायूला मिळून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त लागते, हे लक्षात घेतले म्हणजे साडेसात चमच्यांची किंमत कळते. साधारणपणे 20 च्या खाली फ्लो असेल तर शल्यचिकित्सकाने थांबून विचार करावा, असा संकेत आहे.

दुसरा पीआय. हा शब्द थोडा किचकट, पण माझ्या मते तिघांत महत्त्वाचा हाच. प्रत्येक ठोक्यात प्रवाह वरखाली होतो. सर्वांत जास्त प्रवाहातून सर्वांत कमी प्रवाह वजा करायचा आणि सरासरीने भागायचे. आलेला आकडा म्हणजे पीआय. समजा एका ग्राफ्टमध्ये प्रवाह 90 पर्यंत चढतो, 10 पर्यंत उतरतो आणि सरासरी 40 आहे. पीआय आला 2. दुसऱ्या ग्राफ्टमध्ये रक्त 60 ने पुढे धावते, समोर वाट नाही म्हणून 30 ने मागे फिरते, आणि सरासरी जेमतेम 10 पडते. पीआय आला 9. चारीच्या तोंडाशी दार बंद असले, की पाणी दारावर आपटून मागे हेलकावते, तसा हा प्रकार. हेलकावा मोठा आणि प्रत्यक्ष पुढे जाणे थोडे, म्हणजे पुढे काहीतरी अडले आहे. पीआय 5 च्या आत असावा, असे मानतात. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञ व हृदयशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत छाती बंद करण्यापूर्वी ही मोजणी करणे विचारात घ्यावे, असे म्हटले, ते 20 आणि 5 याच मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून. ब्रिटनमधील नाइस या सरकारी संस्थेने त्याआधी 2011 सालीच या तंत्राची शिफारस केली होती.

तिसरा डीएफ. सर्व शरीराला रक्त मिळते ते हृदय आकुंचन पावते तेव्हा. स्वतः हृदयाच्या, विशेषतः डाव्या कप्प्याच्या, स्नायूला मात्र मिळते ते मुख्यतः हृदय सैल पडते तेव्हा. आकुंचनाच्या वेळी स्नायू आवळलेला असतो आणि आतल्या रक्तवाहिन्या चेपलेल्या असतात. दुसऱ्यांना वाढून झाल्यावर स्वतः जेवायला बसणाऱ्या घरच्या बाईसारखे हे आहे. एकूण प्रवाहापैकी किती टक्के विश्रांतीच्या काळात गेला, तो डीएफ. डाव्या बाजूच्या ग्राफ्टमध्ये तो निम्म्याहून अधिक असावा. उजव्या बाजूला थोडा कमी असला तरी चालतो, कारण उजवा कप्पा एवढ्या जोराने आवळत नाही.

या मोजपट्टीवर पत्रलेखकांच्या वडिलांचे पहिले दोन ग्राफ्ट उत्तम आहेत, यात शंका नाही. राहिले तिसरे. फ्लो 17, म्हणजे वीसच्या खाली. पीआय 4.4, म्हणजे पाचच्या आत, पण काठावर. केवळ फ्लोवरून निकाल देऊ नये, हे इथे नीट दिसते. फ्लो कमी असण्याची कारणे दोन जातींची असतात. एक, चारीत दोष. दुसरे, चारी चांगली पण बांधीलाच पाणी फारसे नको. यांच्या कागदपत्रांतील अँजिओग्राफीच्या अहवालात हृदयाच्या खालच्या भागाचा जुना झटका नोंदवला आहे. झटक्यात स्नायूचा जो भाग निकामी होऊन जाड वण बनतो, त्याला रक्त थोडेच लागते. शिवाय पीडीएचा व्यास दीड मिलिमीटर लिहिला आहे आणि उजव्या रक्तवाहिनीतला अडथळा 70 टक्के. म्हणजे जुना पाट पूर्ण बुजलेला नाही, त्यातूनही काही पाणी येते आहे. जुन्या पाटाने पाणी येत असले की नव्या चारीत ओढ कमी राहते. डॉक्टर याला स्पर्धेचा प्रवाह म्हणतात. या शंकेची परीक्षाही टेबलावर करता येते. जुनी वाहिनी क्षणभर हलकेच दाबून धरतात. ग्राफ्टमधला प्रवाह त्याबरोबर वाढला, तर जोडणी निर्दोष.

आणि आता सर्वांत महत्त्वाची ओळ, जी बहुधा घरच्यांनी वाचलीच नाही. शस्त्रक्रियेच्या टिपणाच्या दुसऱ्या पानावर, अगदी गिचमीड अक्षरात, याच ग्राफ्टबद्दल लिहिले आहे की पहिल्या मोजणीत फ्लो 9 आणि पीआय 7.2 आला. ग्राफ्ट दुमडल्याचे दिसले. जागा बदलून घेतली, रक्तदाब ठीक करून पुन्हा मोजले, तेव्हा 17 आणि 4.4. म्हणजे ज्या कागदावरून थोरल्या बंधूंनी फसवणुकीचा तर्क काढला, तोच कागद सांगतो आहे की शल्यचिकित्सकाने मोजले, दोष शोधला, सुधारला आणि झाले तसे लिहून ठेवले. न मोजणाऱ्याच्या कार्डावर 17 हा आकडा कधीच दिसला नसता, आणि 9 चा ग्राफ्ट तसाच आत राहिला असता. आईंना म्हणूनच सांगावे, की या आकड्यासाठी छाती उघडायची नसते. अर्थात केवळ कागद पाहून मी रुग्ण तपासल्याचा आव आणणार नाही. वडिलांना चढ चढताना किंवा भरभर चालताना पूर्वीसारखे छातीत दाटून येते का, याकडे लक्ष ठेवावे. तसे झाल्यास शल्यचिकित्सकाला दाखवावे. गरज वाटल्यास सीटी अँजिओग्राफीने ग्राफ्ट बाहेरूनच पाहता येते.

या यंत्राची आरती ओवाळावी असेही नाही. अर्धवट अरुंद झालेली जोडणी पुष्कळदा चांगले आकडे दाखवते. पूर्ण उघडी आणि पूर्ण बंद यांतला फरक यंत्राला कळतो, मधले कळतेच असे नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात केंद्रांतील 1016 रुग्णांची प्रवाह-मोजणी आणि ध्वनिलहरींची चित्रे अशी दुहेरी तपासणी केली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत शस्त्रक्रियेचा ठरलेला बेत कुठेतरी बदलावा लागला. हा पुरावा यंत्राच्या बाजूचा. उलट कॅनडात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या दीडशेच्या आसपास रुग्णांच्या एका चाचणीत, टेबलावर ग्राफ्ट तपासलेल्या आणि न तपासलेल्या रुग्णांत एका वर्षानंतर बंद ग्राफ्टच्या प्रमाणात फरक आढळला नाही. माझे मत विचाराल तर, हा दुसरा निष्कर्ष मोजणीविरुद्ध नाही. पहिल्या दिवशी वाट उघडी आहे एवढेच यंत्र सांगते. वर्षभर ती उघडी ठेवणे हे काम दुसऱ्यांचे आहे, आणि त्यात रुग्ण स्वतः आला.

कारण ग्राफ्ट कायमचे नसते. छातीतील धमनीचे ग्राफ्ट फार टिकाऊ. दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ उघडे असतात. पायाची शीर तेवढी दमदार नाही, धमनीचा दाब सोसायला ती जन्मलेलीच नसते. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दीड वर्षाच्या आत पायाच्या शिरांपैकी जवळपास चौथा हिस्सा बंद किंवा फार अरुंद झालेला आढळला, आणि दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास जातात. सर्वांच्या आठवणीतले उदाहरण माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचे. त्यांची पहिली बायपास 1990 साली ब्रिटनमध्ये झाली. पुढे पुन्हा अडथळे आले, आणि 24 जानेवारी 2009 रोजी दिल्लीच्या एम्समध्ये दुसऱ्यांदा बायपास करावी लागली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने ती केली, पाच ग्राफ्ट बसवले. ते त्यानंतर पंतप्रधानपदाची पुढची पूर्ण कारकीर्द सांभाळून डिसेंबर 2024 पर्यंत, वयाच्या ब्याण्णव्या वर्षापर्यंत जगले.

सामान्य माणसाला दुसऱ्यांदा बायपास परवडणारी नाही, पैशानेही आणि शरीरानेही. पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. तिचे आधीचे रूप असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तेव्हा योजनेचा रुग्ण असो की पैसे भरणारा, बायपासला जाण्यापूर्वी नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: ग्राफ्टमधला प्रवाह मोजता का? मोजल्यास आकडे कार्डावर लिहून द्याल का? पुष्कळजणांना वाटते, असे विचारले तर डॉक्टरसाहेब रागावतील. चांगला शल्यचिकित्सक रागावत नाही. यंत्र महाग आहे, त्याचे मोजणारे टोक ठरावीक वेळाच वापरता येते, त्यामुळे ते सगळीकडे असेल असे नाही. नसेल तर ते स्पष्ट कळलेले बरे. केवळ यंत्र नाही म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक सोडून अनोळखी ठिकाणी धावू नये, हेही सांगून ठेवतो. हात आधी, यंत्र मागून.

हे आकडे इकडे आम्हा डॉक्टरांच्याही उपयोगाचे असतात. रुग्ण सिरोंच्याचा किंवा एटापल्लीचा असतो, त्याचा शल्यचिकित्सक नागपुरात. चार महिन्यांनी छातीत दुखते म्हणून तो आमच्यासमोर बसतो. दुखणे कुठले? छातीचे हाड तारेने शिवलेले असते, खोकल्यावर, कुशीवर वळल्यावर ते दुखते. लिमा सोडवलेल्या डाव्या बाजूला बधिरपणा आणि मुंग्या महिनोन्महिने राहतात. बोट ठेवून दाखवता येते, दाबले की वाढते, असे दुखणे बहुधा वरचेवरचे. पण श्रमाने येणारे, जड ओझे ठेवल्यासारखे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारे, घाम फुटवणारे दुखणे असेल तर कागद शोधत बसू नये. 108 ला फोन करावा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढावा. त्या वेळी जुना ईसीजी आणि ग्राफ्टचे आकडे डॉक्टरांपुढे असले, तर कोणत्या भागाला धोका असू शकतो याचा अंदाज लवकर येतो.

आणि खर्रा. बायपास झालेला माणूस दवाखान्यातून सुटून आल्यावर महिनाभर खर्ऱ्याला शिवत नाही. मग पानठेल्यावर मित्र म्हणतात, आता तर नवीन नळ्या टाकल्या, आता कसली भीती! नवी शीर तंबाखूला जुन्या वाहिनीपेक्षा जास्त भिते. विडीचेही तसेच. गोळ्यांच्या बाबतीत हाच प्रकार: ऑपरेशन झाले, आता गोळ्या कशाला, असे म्हणून ॲस्पिरिन आणि चरबी कमी करणारी स्टॅटिनची गोळी दोन-तीन महिन्यांत सुटते. कोणी अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करतो. काढा पिऊ नका असे मी म्हणत नाही, पण काढ्यासाठी ॲस्पिरिन सोडू नका. शिरेचे ग्राफ्ट पहिल्या वर्षात बंद पडते ते बहुधा गुठळीने, आणि गुठळीला अडवणारी गोळी हीच. दात काढायचा असला तरी ती परस्पर बंद करू नये, आधी विचारावे.

भामरागड भागातील रुग्णांसाठी शेवटी एक सूचना. पर्लकोटेला पूर आला की रस्ता कित्येकदा बंद होतो आणि औषधाच्या दुकानातला माल संपतो. जून लागण्यापूर्वीच दोन महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे टिपण आणि शेवटचा ईसीजी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घरातल्या सर्वांना ठाऊक असेल अशा एकाच जागी ठेवावा.